‘लाय’, ‘ले’, ‘लेन’ आणि ‘लेड’: कोणते रूप कोठे?

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात: “मी एका कंपनीत इंग्रजी अहवाल आणि बैठकांची इतिवृत्ते लिहिण्याचे काम करते. अलीकडे एका अहवालात मी ‘द फाइल हॅड लेन ऑन द डेस्क फॉर टू मंथ्स’ असे लिहिले होते. वरिष्ठांनी त्यातले ‘लेन’ खोडून तेथे ‘लेड’ केले आणि असा शब्द आता कोणी वापरत नाही, असा शेरा समासात लिहिला. त्याच अहवालातले ‘द फॉल्ट लाइड विथ द सप्लायर’ हे माझे वाक्य मात्र त्यांनी तसेच ठेवले. शाळेत या क्रियापदांची तिन्ही रूपे पाठ केली होती, पण लिहायला बसले की सगळ्यांची सरमिसळ होते. यात बरोबर काय, आणि ते लक्षात ठेवण्याचा काही खात्रीचा मार्ग आहे का? जाता जाता, वस्तू कोठेतरी ठेवून विसरणे या अर्थाच्या ‘मिसले’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप काय, तेही सांगावे.”

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर आधी देतो. आपले पहिले वाक्य निर्दोष होते आणि दुसरे चुकीचे होते. म्हणजे जे खोडायला नको होते ते खोडले गेले आणि जे खोडायला हवे होते ते अहवालात तसेच राहिले. यात आपल्याला किंवा आपल्या वरिष्ठांना कमीपणा येण्यासारखे काही नाही, कारण ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा असंख्य लोकांच्या बोलण्यातही या क्रियापदांची गल्लत रोज होत असते. मात्र अहवाल ही लेखी आणि जबाबदारीची गोष्ट आहे, तो पुढे कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही, आणि म्हणूनच आपण हा प्रश्न मनावर घेतलात हे मला फार मोलाचे वाटते.

गोंधळाचे मूळ असे आहे की येथे इंग्रजीत एक नव्हे, तर तीन निरनिराळी क्रियापदे आहेत आणि त्यांची रूपे एकमेकांच्या हद्दीत शिरतात. पहिले क्रियापद ‘लाय’, स्पेलिंग एल-आय-ई. त्याचा अर्थ पडून असणे, आडवे होणे, एखाद्या ठिकाणी वसलेले असणे. आणि त्याची रूपे लाय, ले, लेन. दुसरे क्रियापद ‘ले’, स्पेलिंग एल-ए-वाय. त्याचा अर्थ ठेवणे, घालणे, अंथरणे, रचणे. आणि त्याची रूपे ले, लेड, लेड. तिसरे पुन्हा ‘लाय’, स्पेलिंगही तेच एल-आय-ई, पण अर्थ खोटे बोलणे; आणि त्याची रूपे अगदी सरळ, नियमित, म्हणजे लाय, लाइड, लाइड. आता या तीन ओळी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की अडचण कोठे आहे ते लगेच दिसते: ‘ले’ हे रूप पहिल्या क्रियापदाचा भूतकाळ आहे आणि तेच रूप दुसऱ्या क्रियापदाचा वर्तमानकाळ आहे. पाढ्यासारखी पाठ केलेली रूपे लिहिताना दगा देतात ती याच ठिकाणी, कारण पाठांतराने रूपांचा क्रम लक्षात राहतो, पण आपल्याला यातली कोणती ओळ हवी आहे हे पाठांतर सांगत नाही.

ती ओळ निवडण्यासाठी बाहेरून कोणतीही युक्ती आणण्याची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे, कारण मराठी बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यात हा भेद आधीपासून पक्का बसलेला असतो. आपण शाळेत कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकलो. ‘तो आडवा झाला’, ‘फाइल पडून राहिली’ ही कर्तरी प्रयोगाची वाक्ये. ‘त्याने फाइल ठेवली’, ‘तिने चादर अंथरली’ ही कर्मणी प्रयोगाची. क्रियापद सकर्मक असेल तर साध्या भूतकाळात मराठी बहुधा कर्त्याला ‘ने’ लावते आणि क्रियापदाचे लिंग-वचन कर्माप्रमाणे फिरवते. अकर्मक असेल तर तसे काही करत नाही. इंग्रजीतल्या या दोन क्रियापदांमधला फरक नेमका हाच आहे. तेव्हा इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी तेच वाक्य मनातल्या मनात मराठीत, भूतकाळात आणि तृतीय पुरुषी म्हणून पाहावे. ‘त्याने’ किंवा ‘तिने’ आले तर ले, लेड, लेड ही ओळ. नुसते ‘तो’, ‘ती’, ‘ते’ आले तर लाय, ले, लेन ही ओळ. तृतीय पुरुष मुद्दाम सांगितला, कारण ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागत नाही आणि तेथे ही खूण दिसत नाही.

आपल्या वाक्याला ही कसोटी लावून पाहू. ‘फाइल दोन महिने टेबलावर पडून होती.’ कर्ता फाइल. ‘फाइलने’ असे काही म्हणता येत नाही. म्हणजे पहिली ओळ. वाक्यात ‘हॅड’ आहे, म्हणून तिसरे रूप, ते ‘लेन’. आपण हेच लिहिले होते. ‘हॅड लेड’ लिहिल्याने वाक्याचा अर्थ असा होतो की फाइलने काहीतरी ठेवले होते, आणि काय ठेवले होते ते सांगायचे राहून गेले. वाचणारा अर्थातच संदर्भाने समजून घेतो. पण समजून घेण्याचे ते काम लेखकाने वाचकावर टाकलेले असते.

वरिष्ठांच्या मनात ‘लेड’ का आले असावे, याचाही एक अंदाज मला करता येतो, आणि तो सांगण्याजोगा आहे. मराठीत आपण ‘फाइल टेबलावर ठेवलेली होती’ असेही सहज म्हणतो. येथे ठेवणारा माणूस वाक्यातून निघून गेला आहे, पण क्रियापद ठेवण्याचेच आहे. हे इंग्रजीत न्यायचे असेल तर ‘हॅड बीन लेड’ असे लिहावे लागते. तो ‘बीन’ गाळला की वाक्य कोसळते. म्हणजे ‘पडून होती’ म्हणायचे असेल तर ‘हॅड लेन’, ‘ठेवली गेली होती’ म्हणायचे असेल तर ‘हॅड बीन लेड’. या दोन्हींच्या मधले ‘हॅड लेड’ हे रूप कर्म सोबत घेतल्याशिवाय उभे राहत नाही. याचीच दुसरी बाजू अशी की ‘वॉज लेन’ हे शब्द एकत्र कधीही बरोबर असू शकत नाहीत, कारण जे क्रियापद कर्म घेतच नाही त्याचा असा प्रयोग होणार कसा? कोणाच्याही लिखाणात ‘वॉज लेन’ दिसले तर डोळे झाकून ‘वॉज लेड’ करावे.

‘ने’ची कसोटी वापरताना दोन ठिकाणी सावध राहावे लागते. एक म्हणजे मराठी वाक्य शक्य तितके साधे ठेवावे. ‘त्याने अंथरुणावर अंग टाकले’ असे म्हटले तर ‘ने’ येतो, कारण आपण ‘अंग’ हे कर्म मधे आणले. इंग्रजीत मात्र साधे ‘ही ले डाउन’ हवे असते. तेव्हा कसोटीसाठी ‘तो आडवा झाला’ असेच म्हणावे. दुसरे म्हणजे खोटे बोलण्याचा ‘लाय’ या कसोटीतून वगळावा. त्याचा अर्थच इतका वेगळा आहे की त्याला कसोटीची गरज पडत नाही.

हा भेद इंग्रजीत आला कोठून, हे थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्यावर ही रूपे मनमानी वाटेनाशी होतात. मराठीत पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे, मरणे आणि मारणे अशा जोड्या आहेत. आतला स्वर बदलला की आपोआप होणारी क्रिया कोणीतरी घडवून आणलेली क्रिया होते. इंग्रजी ज्या जर्मानिक भाषाकुळातली आहे त्यात प्राचीन काळी हीच पद्धत होती, आणि ‘लाय’पासून ‘ले’ असेच तयार झाले: पडून असणे, आणि पडून असेल असे करणे, म्हणजेच ठेवणे. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे, ‘राइज’ म्हणजे उठणे आणि ‘रेज’ म्हणजे उचलणे, ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे पाडणे, विशेषतः झाड पाडणे, या सगळ्या त्याच जुन्या रीतीच्या खुणा आहेत. ही शेवटची जोडी तर आपल्या जोडीची सख्खी बहीण आहे. ‘द ट्री फेल’ म्हणजे झाड पडले. ‘दे फेल्ड द ट्री’ म्हणजे त्यांनी झाड पाडले. तेथेही पडण्याचा भूतकाळ आणि पाडण्याचा वर्तमानकाळ ही दोन्ही रूपे एकसारखी आहेत. मराठीत मात्र ‘झाड पडले’ आणि ‘त्यांनी झाड पाडले’ यांची गल्लत कोणी लहान मूलही करत नाही. ‘ले’ आणि ‘लेड’ यांमध्ये अडखळायला झाले की ‘पडले’ आणि ‘पाडले’ आठवावे.

ओळ निवडली की दुसरा प्रश्न उरतो: त्या ओळीतले कितवे रूप? येथे नियम सगळ्या अनियमित क्रियापदांना सारखाच आहे, फक्त या क्रियापदात चूक लपून राहते. ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ यांच्यानंतर तिसरे रूप येते. ‘डिड’, ‘टु’, ‘विल’, ‘कॅन’, ‘मस्ट’ यांच्यानंतर पहिले. आणि कोणतेही साहाय्यक क्रियापद नसताना घडून गेलेल्या गोष्टीसाठी दुसरे. ‘डिड नॉट वेन्ट’ लिहिले तर ते ताबडतोब खटकते, कारण ‘वेन्ट’ हे रूप भूतकाळाशिवाय कोठेच येत नाही. पण ‘ही डिड नॉट ले डाउन’ हे वाक्य खटकत नाही, कारण ‘ले’ हे एका वेगळ्या क्रियापदाचे पहिले रूप म्हणून अगदी वैध आहे. तेथे हवे असते ‘ही डिड नॉट लाय डाउन’. त्याचप्रमाणे प्रश्नात ‘डिड द फॉल्ट लाय विथ द सप्लायर?’ असे हवे. ‘डिड द फॉल्ट ले’ असे नको. संगणकावरची शुद्धलेखन तपासणीही येथे फारशी कामाला येत नाही. तिला शब्द अस्तित्वात आहे की नाही एवढेच कळते, आणि ले, लेड, लेन, लाइड हे चारही शब्द कोशात आहेत.

आता आपल्या दुसऱ्या वाक्याकडे येतो, आणि ते माझ्या मते अधिक गंभीर आहे. ‘द फॉल्ट लाइड विथ द सप्लायर’ यात ‘लाइड’ हे खोटे बोलण्याचे भूतकाळी रूप वापरले गेले आहे. दोष कोणाकडे आहे, निर्णय कोणाच्या हाती आहे, अडचण कशात आहे, उत्तर कोठे सापडेल, हे सगळे सांगताना इंग्रजी ‘पडून असणे’ याच क्रियापदाचा लाक्षणिक वापर करते. वर्तमानात ‘द फॉल्ट लाइज विथ’, आणि भूतकाळात ‘द फॉल्ट ले विथ’. ‘द प्रॉब्लेम ले इन द डिझाइन’, ‘द डिसिजन ले विथ द कमिटी’, ‘नो वन न्यू व्हॉट ले अहेड’ ही सगळी शुद्ध वाक्ये आहेत. कार्यालयीन लिखाणात फाइली टेबलावर पडून असल्याची वाक्ये क्वचित येतात, पण दोष, जबाबदारी आणि अडचण यांची वाक्ये पानोपानी येतात. म्हणून या एका क्रियापदाचा सराव करायचा असेल तर तो याच वाक्यांवर करावा. शिवाय ज्या वाक्यात पुरवठादाराचा उल्लेख आहे, त्याच वाक्यात खोटे बोलण्याचे क्रियापद चुकून जरी आले तरी ते बरे दिसत नाही. असा अहवाल उद्या एखाद्या वादात कागदपत्र म्हणून पुढे आला, तर त्यातला प्रत्येक शब्द नीट असलेला चांगला.

‘लेन’ हा शब्द आता कोणी वापरत नाही, या शेऱ्यात थोडे तथ्य आहे, तेही मान्य करायला हवे. बोलण्यात ‘लेन’ खरोखरच फार कमी ऐकू येतो. पण तो कालबाह्य झालेला नाही. छापील मजकुरात, विशेषतः दीर्घ काळ पडून राहिलेल्या गोष्टींबद्दल, तो नेहमी भेटतो. अनेक वर्षे पडीक राहिलेल्या जमिनीबद्दल ‘द लँड हॅज लेन फॅलो फॉर इयर्स’ असेच लिहितात. टायटॅनिक हे जहाज एप्रिल १९१२ मध्ये बुडाले आणि त्याचे अवशेष १ सप्टेंबर १९८५ रोजी अटलांटिकच्या तळाशी, सुमारे ३,८०० मीटर खोलीवर सापडले. याविषयी लिहायचे झाले तर ‘द रेक हॅड लेन ऑन द सीबेड फॉर सेव्हन्टी-थ्री इयर्स’ याहून नेमके वाक्य सुचणे कठीण आहे. त्याच महासागराच्या तळाचे दुसरे उदाहरण घ्या. १८६६ मध्ये ग्रेट ईस्टर्न या जहाजाने आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत तारेची केबल टाकली, आणि युरोप व अमेरिका यांच्यात टिकाऊ तारसंपर्क सुरू झाला. तेथे वाक्य होते ‘द ग्रेट ईस्टर्न लेड द केबल ऑन द सीबेड’. मराठीत पाहा: जहाजाने केबल टाकली, जहाज तळाशी पडून राहिले. पहिल्या वाक्यात ‘ने’ आहे, तेथे ‘लेड’. दुसऱ्यात नाही, तेथे ‘ले’ आणि ‘हॅड’सोबत ‘लेन’.

आणखी एक जोडी वृत्तपत्रांच्या भाषेतून देतो, कारण ती एकाच घटनेत दोन्ही क्रियापदे वापरते. राणी एलिझाबेथ दुसरी यांचे निधन झाल्यावर त्यांचे पार्थिव १४ ते १९ सप्टेंबर २०२२ या काळात लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये अंत्यदर्शनासाठी ठेवले होते, आणि १९ तारखेला विंडसर येथे दफनविधी झाला. इंग्रजीत पहिल्या गोष्टीला ‘शी ले इन स्टेट’ म्हणतात आणि दुसरीला ‘शी वॉज लेड टु रेस्ट’. मराठीत आपण दोन्हीकडे ‘ठेवले’ म्हणू शकतो, आणि म्हणूनच येथे मराठी कसोटी लावताना जरा थांबावे लागते: इंग्रजीने पहिल्या वाक्प्रचारात पार्थिव तेथे विसावले होते अशी कल्पना केली आहे, आणि दुसऱ्यात इतरांनी त्याला चिरविश्रांती दिली अशी. असे रूढ वाक्प्रचार थोडेच आहेत. ते जसेच्या तसे लक्षात ठेवणे हाच मार्ग. ‘लाय लो’ म्हणजे काही काळ लपून, शांत राहणे, त्याचा भूतकाळ ‘ले लो’. पण आजाराने एखाद्याला अंथरुणाला खिळवले तर ‘द फीव्हर लेड हिम लो’. ‘लाय इन वेट’ म्हणजे दबा धरून बसणे, त्याचा भूतकाळ ‘ले इन वेट’. शस्त्रे खाली ठेवली म्हणजे ‘दे लेड डाउन देअर आर्म्स’. नियम घालून दिला म्हणजे ‘लेड डाउन द रूल’. पाया घातला म्हणजे ‘लेड द फाउंडेशन’. कोंबडीने अंडे घातले म्हणजे ‘द हेन लेड ॲन एग’. या ‘लेड’ वाक्प्रचारांचे मराठी करून पाहिले तर बहुतेक ठिकाणी घालणे किंवा ठेवणे हेच क्रियापद आपसूक येते.

‘लेड’चे स्पेलिंगही येथेच सांगून ठेवतो. ते एल-ए-आय-डी असे आहे. एल-ए-वाय-ई-डी असे नाही. ‘पे’चे ‘पेड’ आणि ‘से’चे ‘सेड’ ज्या पद्धतीने लिहिले जाते, त्याच पद्धतीने हे लिहायचे. ‘इंग’ लागलेले रूप ‘लाय’चे ‘लाइंग’ होते आणि त्यात आय-ई च्या जागी वाय येतो; खोटे बोलण्याचेही तेच; ‘ले’चे मात्र ‘लेइंग’.

याच ‘लाइंग’मध्ये आपल्या अडचणीवरचा सर्वांत सोयीचा तोडगा आहे. ‘द फाइल हॅड बीन लाइंग ऑन द डेस्क फॉर टू मंथ्स’ असे लिहिले तर वाक्य पूर्ण शुद्ध राहते, ‘पडून होती’मधला सातत्याचा भाव उलट अधिक चांगला उतरतो, आणि ‘लेन’ ज्यांना अनोळखी वाटतो त्यांनाही अडायला होत नाही. अनुभवी लेखकही हा मार्ग नेहमी घेतात. शब्द बरोबर आहे म्हणून तो वापरलाच पाहिजे असा हट्ट कशाला? ज्याच्यासाठी लिहायचे तो वाचक जर त्या शब्दाशी अडखळणार असेल, तर तितक्याच शुद्ध पण ओळखीच्या रूपाकडे वळणे यात माघार नाही. माघार होईल ती ‘हॅड लेड’ स्वीकारण्यात.

आपण कदाचित इंग्रजी मालिकांमध्ये आणि मुलाखतींमध्ये ‘आय वॉन्ट टु ले डाउन’ असे ऐकले असेल, आणि मग हे सगळे नियम पुस्तकी तर नाहीत ना, अशी शंका येईल. ‘लाय’च्या जागी ‘ले’ वापरण्याची रीत चौदाव्या शतकापासून आढळते, आणि तिच्यावर व्याकरणकारांनी आक्षेप घ्यायला सुरुवात केली ती १७७० च्या सुमारास. म्हणजे ही चूक आजकालच्या पिढीने आणलेली नाही, आणि बोलताना ती करणारा माणूस अडाणी असतो असेही नाही. म्हणून कोणाच्या बोलण्यात ती ऐकू आली तर दुरुस्त करायला जाऊ नये. मात्र लेखी, संपादित, औपचारिक इंग्रजीत आजही हा भेद पाळला जातो आणि परीक्षेत तो तपासला जातो. आपले काम लेखी आहे, तेव्हा आपल्याला तो पाळणे भाग आहे. ज्या भाषेत आपण पोटापाण्यासाठी लिहितो तिचे बारकावे तिच्या घरच्या माणसांइतकेच, प्रसंगी त्यांच्याहून अधिक काळजीने सांभाळायला काय हरकत आहे?

सरावासाठी माझी सूचना अशी की तक्ता पुन्हा पाठ करण्यात वेळ घालवू नये. इंग्रजीत सुमारे २०० अनियमित क्रियापदे आहेत आणि सर्वाधिक वापरली जाणारी बी, हॅव, डू, से, गो, गेट यांसारखी क्रियापदे त्यांतच मोडतात. ती आपल्याला येतात ती तक्त्यामुळे नव्हे, तर हजारो वाक्यांतून ती कानावर आणि डोळ्यांवर पडल्यामुळे. ‘लाय’ आणि ‘ले’ तितके भेटत नाहीत, म्हणून ती भेट आपण घडवून आणावी. आपलेच जुने अहवाल संगणकावर उघडावेत, त्यात ले, लेड, लेन, लाइड ही चार रूपे एकेक करून शोधावीत, आणि प्रत्येक ठिकाणी मराठी वाक्य म्हणून ‘ने’ येतो का ते पाहावे. स्वतःची वाक्ये तपासण्यात एक फायदा असतो: त्या वाक्यात काय म्हणायचे होते हे आपल्याला नक्की ठाऊक असते. दोन-चार अहवाल असे तपासून झाले की लिहिता लिहिताच हात योग्य रूपाकडे वळू लागतो.

वरिष्ठांशी बोलण्याबाबत आपण विचारलेले नाही, तरी ते मनात असणार असे गृहीत धरतो. कोश उघडून त्यांच्यापुढे ठेवण्यापेक्षा, अहवाल पुढे जाण्याआधी दोन्ही वाक्यांची सुधारित प्रत त्यांना द्यावी आणि आधी स्वतःच्या चुकीबद्दल बोलावे: “सर, ‘फॉल्ट लाइड’ हे माझे चुकले होते, तेथे ‘ले’ हवे, आणि फाइलच्या वाक्यात ‘लेड’ला कर्म लागते, म्हणून तेथे ‘हॅड बीन लाइंग’ केले आहे, ते चालेल का पाहावे.” यात त्यांचा शेरा खोडला जात नाही, ‘लेन’ही येत नाही, आणि अहवाल शुद्ध होतो. त्यांनी कारण विचारलेच तर फाइल काही ठेवत नाही, ती पडून असते, एवढे एक वाक्य पुरेसे आहे.

राहिला ‘मिसले’. ज्या क्रियापदांच्या शेवटी ‘ले’ हे ठेवण्याचे क्रियापद आहे, ती सगळी त्याचीच रूपे घेतात. म्हणून मिसले, मिसलेड, मिसलेड. ‘आय हॅव मिसलेड द कीज’ हे बरोबर. ‘मिसलेन’ असा शब्द नाही. हे एल-ए-आय-डी असे लिहायचे, म्हणजे दिशाभूल करणे या अर्थाच्या ‘मिसलीड’च्या भूतकाळाशी घोटाळा होणार नाही, कारण त्याच्या शेवटी एल-ई-डी येते. वाटेत गाठून अडवणे या अर्थाच्या ‘वेले’चेही वेलेड, वेलेड असेच. याउलट ‘अंडरलाय’, म्हणजे मुळाशी असणे, हे ‘लाय’च्या घरातले आहे, त्याचे अंडरले, अंडरलेन होते, आणि अहवालात ‘द कॉजेस दॅट अंडरले द डिले’ असे लिहायची वेळ आपल्यावर नक्की येईल. ‘बिलाय’, म्हणजे खोटे ठरवणे, हे मात्र खोटे बोलण्याच्या ‘लाय’पासून आलेले आहे, म्हणून त्याचे सरळ ‘बिलाइड’.